ओटा, सोफा आणि वाळूचा ट्रे

जुन्या मराठी स्वयंपाकघराची निम्मी मांडामांड मांजराच्या धास्तीने ठरलेली असायची. आढ्याला टांगलेलं शिंकं त्याच्यासाठी, दुधाच्या पातेल्यावरचं जड झाकण आणि त्या झाकणावर ठेवलेला वरवंटा त्याच्यासाठी, जाळीच्या कपाटाची घट्ट बसणारी कडीही त्याच्यासाठीच. शिंकं भिंतीपासून आणि मांडणीपासून इतकं लांब टांगायचं की बोक्याला झेप घ्यायला जवळपास काठ मिळू नये, हे घरात नव्याने आलेल्या सुनेलाही सांगावं लागत नसे. एवढा बंदोबस्त असूनही ‘शिंकं तुटलं नि बोक्याचं फावलं’ म्हणायची वेळ अधूनमधून यायचीच. पण त्या घरांनी एक गोष्ट शहाणपणाने केली होती. मांजराला वळण लावायच्या भानगडीत ती पडली नाहीत; वस्तूंच्या जागा बदलून मोकळी झाली.

फ्लॅटमध्ये शिंकं गेलं, ग्रॅनाइटचा ओटा आला आणि दूध फ्रीजमध्ये जाऊन बसलं. मागच्या दाराने येऊन-जाऊन असणारं, परसात आणि कौलांवर दिवस काढणारं मांजर आता चोवीस तास चार भिंतींच्या आत राहू लागलं. त्याबरोबर तक्रारींची यादीही वाढली. ओट्यावर चढतं, ग्लास पाडतं, सोफा फाडतं, पहाटे पाचला उठवतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ट्रे सोडून गादीवर शू करतं. मालक याला खोड्या म्हणतात, पाहुणे घाण म्हणतात. यांतल्या बहुतेक गोष्टींना मांजराच्या शरीरात आणि इतिहासात सरळ कारण आहे, आणि ते एकदा कळलं की उपाय पुन्हा त्या शिंक्यापाशीच येतो: घर बदला, मांजर बदलायला जाऊ नका.

माणसाने कुत्रा कामासाठी घडवला. राखणीसाठी, शिकारीसाठी, मेंढरं वळण्यासाठी हजारो वर्षं निवड करत करत सांगितलेलं ऐकणारा प्राणी तयार झाला. मांजराच्या बाबतीत असं काही घडलं नाही. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्याच्या साठ्यांवर उंदीर आले आणि उंदरांमागे फेलिस लिबिका जातीची रानमांजरं वस्तीत शिरली. सायप्रस बेटावर शिलूरोकांबोस इथे सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडली; त्यात माणसाच्या शेजारीच मांजर पुरलेलं होतं. बेटावर मुळात मांजरं नव्हती, तेव्हा ती कुणीतरी होडीतून नेली असणार. म्हणजे सोबत फार जुनी आहे, पण त्या सोबतीत आज्ञापालनाची अट कधीच नव्हती. उंदीर मारणं हेच काम होतं आणि ते मांजर कुणी न सांगता करत होतं. जपानमध्ये आत्सुको साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मांजरांना परक्या माणसांचे आणि मालकाचे आवाज ध्वनिमुद्रणावरून ऐकवले. मालकाचा आवाज त्यांनी ओळखला, कान आणि डोकं त्या दिशेला वळवलं, आणि जागची हलली मात्र नाहीत. घरात मांजर असलेल्यांना यासाठी प्रयोगशाळेची गरज पडली नसती.

ओट्यापासून सुरुवात करू. स्वयंपाकाचा ओटा साधारण पावणेतीन फूट उंच असतो. धडधाकट मांजर जागेवरून पाच फूट उडी घेतं. त्यामुळे ओटा त्याच्या दृष्टीने उंच जागा नाहीच, वाटेतली पायरी आहे. मांजर शिकारी आहे तसं आकाराने लहान असल्याने स्वतः शिकार होण्याचीही त्याला भीती असते, म्हणून जिथून सगळं घर दिसेल आणि मागून कुणी येणार नाही अशी जागा ते शोधतं. त्यात ओट्यावर मासळीचा वास, गॅसची ऊब आणि खिडकीतली कबुतरं. असं ठिकाण घरात दुसरं नसेल तर मांजराने जायचं तरी कुठे? खिडकीशेजारी ओट्याहून उंच फळी ठोकली, तिच्यावर जुनी चादर घातली आणि जेवण झाल्यावर ओटा लगेच पुसून घेतला, की बहुतेक मांजरं मुक्काम हलवतात. बहुतेक. काही इरसाल बोके दोन्हीकडे हक्क सांगतात.

ऊब हा मुद्दा दिसतो त्याहून मोठा आहे. शरीराचं तापमान राखायला वेगळी ऊर्जा खर्च करावी लागत नाही असा मांजराचा पट्टा साधारण ३० ते ३८ अंश सेल्सिअस आहे. माणूस पंखा लावून बसतो तेव्हा मांजराला थंडी वाजत असते. खेड्यातलं मांजर रात्री विझलेल्या चुलीच्या राखेत झोपायचं. शहरातलं सेट-टॉप बॉक्सवर, लॅपटॉपच्या कळांवर आणि नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यांवर झोपतं. ही खोडी ढिगातल्या सगळ्यात वरच्या, काळ्या कपड्यावरच का होते, याचं उत्तर विज्ञानाकडे मागू नये.

दुधाचं तेवढं नीट सांगायला हवं, कारण मांजर आणि दूध ही जोडी आपल्या डोक्यात पक्की बसलेली आहे. बशीतलं दूध मांजर जिभेने चाटून उचलतं असं वाटतं. प्रत्यक्षात जिभेचं मागे वळवलेलं टोक पृष्ठभागाला नुसतं टेकतं आणि झटक्यात वर येतं, त्यासोबत द्रवाची एक बारीक धार उभी राहते आणि ती खाली कोसळायच्या आत मांजर तोंड मिटतं. हे सेकंदाला चारेक वेळा. अमेरिकेतल्या एमआयटीमधले रोमान स्टॉकर यांनी न्याहारी करताना आपल्या मांजराकडे पाहून हा प्रश्न उचलला आणि २०१० मध्ये त्यांच्या गटाने वेगवान कॅमेऱ्याने त्याचा छडा लावला. आता गंमत अशी की हे दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही. पिल्लूपण सरलं की दुधातली साखर पचवणारं विकर कमी होतं आणि पोट बिघडतं. घरभर जी ‘घाण’ होते तिच्यातली काही या बशीतूनच आलेली असते. बासुंदीत तोंड घालणाऱ्या मांजराला गोडाशीही देणंघेणं नसतं. गोड चव ओळखणाऱ्या ग्राहकासाठी लागणारं एक जनुक मांजरकुळात निकामी झालेलं आहे, हे फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं. मांजर सायीच्या स्निग्धपणामागे येतं.

यातूनच एक अडचणीचा विषय निघतो. शाकाहारी घरांत मांजराला दूध-पोळी, दूध-भात घालायची रीत आहे. मांजर त्यावर जगतं असं दिसतं, कारण उरलेलं ते बाहेर मिळवत असतं: पाल, उंदीर, चिमणी, शेजारच्या ओट्यावरचा बांगडा. मांजराला टॉरीन नावाचं द्रव्य आहारातूनच मिळावं लागतं आणि ते मांस-मासळीत असतं. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो, हे १९७५ च्या सुमाराला कळलं. हृदयाचा स्नायू सैल पडतो, हे कॅलिफोर्नियातल्या पॉल पायन यांनी १९८७ मध्ये दाखवलं आणि त्यानंतर तयार खाद्यांतलं टॉरीन वाढवण्यात आलं. दार बंद करून मांजराला फ्लॅटमध्ये ठेवायचं आणि वाढायची दूध-पोळी, हे दोन्ही एकत्र चालणार नाही. आपल्याला मांस हाताळणं जमणार नसेल तर तयार खाद्याचं पाकीट आणावं.

भरपेट मांसाहाराचा शिकारीवर परिणाम होतो का, याची मोठी पाहणी इंग्लंडमध्ये झाली. एक्सिटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये निष्कर्ष मांडले. मांस भरपूर असलेलं खाद्य दिलं तेव्हा मांजरांनी घरी आणलेल्या शिकारीत ३६ टक्के घट झाली. मालकाने रोज पाच-दहा मिनिटं दोरीला पीस बांधून खेळवलं तेव्हा २५ टक्के घट झाली. गळ्यातल्या घंटेचा मात्र म्हणण्यासारखा उपयोग दिसला नाही. उंदरांच्या सभेने शतकानुशतकं उगाच डोकेफोड केली म्हणायची.

शिकार घरी आणून पायपुसण्यावर ठेवणं ही मालकाला दिलेली भेट आहे असं प्रेमाने म्हटलं जातं. साधी शक्यता अशी की सुरक्षित ठिकाणी नेऊन खायचं ही जुनी सवय आहे, आणि पोट भरलेलं असल्याने खायचं राहून जातं. काही मांजरांत ही उचलेगिरी भलतीकडे वळते. कॅलिफोर्नियातल्या सॅन मटेओ गावच्या डस्टी नावाच्या बोक्याने शेजारपाजारच्या घरांतून रात्रीच्या वेळी सहाशेच्या आसपास वस्तू पळवून आणल्या: बूट, टॉवेल, हातमोजे, पोहण्याचे कपडे. न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टन शहरातल्या ब्रिजिट नावाच्या मांजरीने २०१६ मध्ये पुरुषांच्या अकरा चड्ड्या आणि पन्नासच्या वर मोजे गोळा केले. मालकिणीला गल्लीत घरोघर चिठ्ठ्या टाकून माल परत न्या म्हणून सांगावं लागलं.

वस्तू पाडण्याचं प्रकरण थोडं वेगळं. मांजराला फूटभर अंतराच्या आतलं स्पष्ट दिसत नाही. जवळची वस्तू ते मिशांनी आणि पंजांनी ‘पाहतं’. टेबलाच्या कडेला स्टीलची वाटी आहे. मांजर तिला पंजाच्या गादीने एकदा हलकेच स्पर्श करतं, थांबतं, पुन्हा थोडं जोराने ढकलतं, वाटी सरकते, कडेला येते, मांजर मान तिरकी करून खाली बघतं आणि मग शेवटचा टोला. इथपर्यंत ही तपासणी आहे: जिवंत आहे का, पळतं का, खाण्याजोगं आहे का. पण वाटी खणखणत पडली आणि घरातलं माणूस ‘अरे गधड्या’ म्हणत स्वयंपाकघरातून धावत आलं की तपासणीला बक्षीस मिळालं. दिवसभर एकट्याने कंटाळलेल्या मांजराच्या दृष्टीने धावत आलेलं माणूस हीच करमणूक. उद्या वाटी पुन्हा पडणार. उपाय एवढाच की कडेला काही ठेवायचं नाही, पडलं तर धावायचं नाही, आणि मांजर शांत बसलेलं असतानाच त्याच्याशी बोलायचं.

पहाटे उठवणंही असंच वाढवलेलं असतं. मांजराची शिकारीची वेळ संधिप्रकाशाची, पहाट आणि तिन्हीसांज. पाच वाजता ते जागं होणार हे ठरलेलं. मालक झोपेतून उठून वाटीत मूठभर खाद्य टाकतो, ‘घे आणि गप पड’. मांजर शिकलं: या माणसावर पाय दिला की खाणं येतं. ससेक्स विद्यापीठाच्या कॅरन मॅकोंब यांनी २००९ मध्ये दाखवलं की खाणं मागताना काही मांजरं नेहमीच्या गुरगुरीत एक बारीक, रडवा स्वर मिसळतात आणि तो माणसाला दुर्लक्ष न करता येण्याजोगा वाटतो. ज्यांनी कधी मांजर पाळलं नाही त्यांनाही. रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं दमेपर्यंत खेळवून मग जेवण वाढलं आणि पहाटेच्या मागणीला एकदाही दाद दिली नाही, तर दोन-तीन आठवड्यांत वेळ पुढे सरकते. मध्येच एक दिवस कंटाळून उठलात की सगळं मुसळ केरात.

सोफ्याबद्दल मालक फार हळवे असतात. मांजर नखांना धार लावतं असं म्हणतात. खरं तर नखावरचं जुनं, झिजलेलं टरफल उतरवतं आणि खालचं नवं टोक मोकळं करतं. सोफ्याखाली झाडताना चंद्रकोरीसारखी पातळ टरफलं सापडतात ती हीच. शिवाय बोटांच्या मध्ये गंधग्रंथी असतात, त्यामुळे ओरबाडलेल्या जागेवर दिसणारी खूण आणि वास अशा दोन सह्या उमटतात. म्हणून जागा दर्शनी निवडली जाते: दारासमोरचा सोफा, पलंगाचा कोपरा, हॉलमधला पडदा. खांब आणून तो गॅलरीच्या कोपऱ्यात ठेवला तर मांजर त्याकडे ढुंकूनही पाहत नाही याचं कारण हेच. तो सोफ्याच्या ज्या कोपऱ्यावर हल्ला होतो तिथेच उभा करायला हवा, मांजराला पूर्ण ताणता येईल इतका, म्हणजे अडीच-तीन फूट उंच, आणि ढकलला तरी न डुगडुगणारा. बाजारातला महागडा खांब लागत नाही. लाकडी ओंडक्याला घट्ट गुंडाळलेला काथ्याचा दोर किंवा भिंतीला खिळ्यांनी ठोकलेलं काथ्याचं पायपुसणं पुरतं.

काही देशांत यावर एक क्रूर तोडगा निघाला होता: नखं कायमची काढून टाकणं. यात नख नव्हे, बोटाचं शेवटचं पेरच कापलं जातं. अनेक युरोपीय देशांत याला बंदी आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये पहिल्यांदा बंदी आणली. आपल्याकडे ही शस्त्रक्रिया रूढ झाली नाही, ते बरंच झालं. नखांची टोकं दोन-तीन आठवड्यांनी कापली तरी काम भागतं; फक्त आतली गुलाबी शीर सांभाळावी.

आता ज्या खोड्या मांजराच्याच जिवावर बेततात त्यांच्याकडे वळलं पाहिजे. पहिली दोऱ्याची. शिलाई मशीनखाली पडलेला दोरा, गजऱ्याचा दोरा, संक्रांतीनंतर गच्चीतून लोंबणारा मांजा, वाढदिवसाच्या पुडक्यावरची चकचकीत फीत, या सगळ्यांशी मांजर जीव तोडून खेळतं. त्याच्या जिभेवरचे खरखरीत काटे आतल्या दिशेला वळलेले असतात. अंग चाटून केस विंचरायला ते उत्तम, पण तोंडात गेलेली वस्तू त्यामुळे मागेच सरकते, थुंकता येत नाही. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली अडकतं, उरलेला आतड्यात उतरतो आणि आतडं त्याच्यावर चुण्यांसारखं गोळा होऊन कापलं जातं. मांजराच्या तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर तो ओढायचा नाही. डॉक्टरकडेच न्यायचं.

दुसरी फिनेलची. मांजराच्या यकृतात फिनॉलच्या कुळातली द्रव्यं निकामी करण्याची यंत्रणा अगदीच दुबळी आहे. ओल्या फरशीवरून चाललेलं मांजर नंतर पंजे चाटतं आणि फिनेल पोटात जातं. मांजर असलेल्या घरात फरशी साबणाच्या पाण्याने पुसावी. याच दुबळेपणामुळे माणसाची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. ‘अंग गरम लागतंय’ म्हणून मायेने दिलेल्या पाव गोळीनेही अनर्थ होतो. डांबरगोळ्या, कुत्र्यांसाठीची परमेथ्रिन असलेली गोचीडनाशक औषधं आणि फुलदाणीतल्या लिलियम जातीच्या लिली ही आणखी तीन नावं. त्या लिलीचे पराग अंगावरून चाटले गेले तरी मूत्रपिंडं बंद पडू शकतात.

तिसरी खिडकीची. मांजर पडलं तरी पायांवर पडतं, हे खरं आहे. फ्रान्सचे एतिएन-ज्यूल मारे यांनी १८९४ मध्येच छायाचित्रांची मालिका काढून हवेतली ती गिरकी दाखवली होती. न्यूयॉर्कमधल्या एका प्राणी-रुग्णालयातली, उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांची नोंद १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यातली ९० टक्के वाचली, हा आकडा तेव्हापासून सगळीकडे फिरतो. त्यात एक खोच आहे. पडून जागीच मेलेलं मांजर दवाखान्यात कोण नेतो? दवाखान्यापर्यंत पोचलेल्यांचीच मोजणी झाली. मुंबई-पुण्याच्या टॉवरमध्ये कबुतरांसाठी लावतात ती जाळी मांजरासाठीही हवी, आणि ताण सोसेल इतकी मजबूत हवी.

आणि आता ट्रे. घरात मांजर नको म्हणणाऱ्यांचा सगळ्यात मोठा आक्षेप इथेच असतो, आणि मांजर सोडून देणाऱ्यांच्या कारणांतही हे कारण वर असतं.

मांजर शी-शू पुरतं ते वाळवंटातल्या पूर्वजांच्या सवयीने. त्याला खणता येईल अशी सुटी, कोरडी, बारीक जमीन लागते. जुन्या घरांत परस होतं. पावसाळ्यात पडवीच्या कोपऱ्यात राखेचं घमेलं ठेवलं की काम व्हायचं. अमेरिकेतही राख आणि वाळूच वापरत. १९४७ च्या जानेवारीत मिशिगनमधल्या कॅसोपोलिस गावात एका बाईंचा वाळूचा ढीग थंडीने गोठला, म्हणून त्या एडवर्ड लो या तरुण शेजाऱ्याकडे काहीतरी मागायला गेल्या. लोच्या घरचा कारखान्यांना तेल टिपणारी माती पुरवण्याचा धंदा होता. त्याने दाणेदार वाळवलेली फुलर्स अर्थ दिली, म्हणजे आपल्याकडे चेहऱ्याला लावतात त्या मुलतानी मातीच्या जातीची. बाई खूश. लोने पाच-पाच पौंडांच्या पिशव्या भरून ६५ सेंटला दुकानात ठेवल्या. वाळू जवळजवळ फुकट मिळत असताना ही माती कोण घेणार, असं दुकानदार म्हणाला. पण ती खपली, आणि त्यामुळे मांजर कायमचं घरात राहू शकलं. १९८० च्या दशकात थॉमस नेल्सन या जीवरसायनतज्ज्ञाने बेंटोनाइट माती ओली झाली की तिचा घट्ट गोळा होतो हे हेरलं, आणि गोळा उचलून टाकायचं लिटर आलं. आपल्याकडे बेंटोनाइट कच्छमध्ये आणि राजस्थानात मुबलक निघतं. एक सूचना: हे लिटर संडासात टाकू नये. पाइपात फुगून बसलं की प्लंबर आणि खालच्या मजल्यावरचे काका दोघेही दारात उभे राहतात.

ट्रेचं गणित सोपं आहे आणि बहुतेक घरं ते चुकवतात. जितकी मांजरं तितके ट्रे, अधिक एक. ट्रेची लांबी मांजराच्या दीडपट. लिटर निदान दोन इंच. जागा शांत, जेवणाच्या वाटीपासून लांब, आणि वॉशिंग मशीनच्या शेजारी तर नकोच. मांजर बसलेलं असताना मशीनचं ड्रम घरघरलं की त्या जागेवर त्याचा कायमचा बहिष्कार. सुगंधी लिटर माणसाला आवडतं, मांजराला सहसा नाही. आणि दिवसातून निदान एकदा उपसणं. ट्रे घाण असेल तर मांजर स्वच्छ जागा शोधतं, आणि घरातली सर्वात मऊ, कोरडी, स्वच्छ जागा म्हणजे गादी.

रोज उपसण्यामागे आणखी एक कारण आहे. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी काही मांजरांच्या विष्ठेतून थोडे दिवस बाहेर पडतो, पण बाहेर आल्यावर संसर्ग करण्याजोगा व्हायला त्याला एक ते पाच दिवस लागतात. रोज उचललेल्या विष्ठेत तो मुदतीआधीच घराबाहेर जातो. घरात कुणी गरोदर असेल तर ट्रे दुसऱ्याने साफ करावा, आणि मांजर हाकलण्याआधी अर्धकच्चं मांस आणि न धुतलेली भाजी यांच्याकडे बघावं. तो धोका जास्त असतो.

वास का येतो? मांजराचं मूत्र अतिशय घट्ट असतं, कारण त्याचं शरीर पाणी राखून ठेवतं. त्यात फेलिनिन नावाचं गंधकयुक्त द्रव्य असतं आणि ते हळूहळू फुटून उग्र दर्प सोडतं, म्हणून सकाळी न जाणवलेला डाग संध्याकाळी घर डोक्यावर घेतो. मासाओ मियाझाकी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की कॉक्सिन नावाचं प्रथिन फेलिनिन तयार होण्यावर नियंत्रण ठेवतं आणि नसबंदी न झालेल्या बोक्यांत ते भरपूर असतं. बोका शेपूट थरथरवत उभ्यानेच दारावर, पडद्यावर पिचकारी मारतो ती शू नव्हे, हद्दीची पाटी आहे. नसबंदीनंतर दहातल्या जवळपास नऊ बोक्यांत हे थांबतं किंवा खूपच कमी होतं. डाग अमोनियाच्या द्रावणाने पुसू नये. त्याचा वास मांजराला आणखी एका मांजराच्या मूत्रासारखा वाटतो. दुकानात विकरांचे क्लीनर मिळतात, ते वापरावेत.

या वासाने वैतागलेला पहिला माणूस कोण ते सांगता येणार नाही, पण लेखी तक्रार नोंदवणारा एक जण माहीत आहे. १४२० च्या सुमाराला नेदरलँड्समधल्या डेव्हेंटर इथे एक लेखनिक हस्तलिखित नकलून घेत होता. रात्री उघड्या राहिलेल्या पानावर मांजराने मुतून ठेवलं. त्याने ते पान अर्धं कोरं सोडलं, डागाकडे रोखलेली बोटं काढली, मांजराचं चित्र काढलं, लॅटिनमध्ये त्याला शिव्याशाप दिले आणि जिथे मांजरं येतात तिथे पुस्तक उघडं ठेवू नका असा इशारा लिहून पुढच्या मजकुराला लागला. सहाशे वर्षांपूर्वीचा हा माणूसही शेवटी शिंक्याच्याच निष्कर्षाला आला होता.

मांजरांची संख्या हाताबाहेर गेली की मात्र कुठलीच मांडणी पुरत नाही. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये पाळीव मांजरांचीही नोंदणी सक्तीची केली. २०२५ च्या फेब्रुवारीत हडपसर भागातल्या एका फ्लॅटमध्ये तीनशेच्या आसपास मांजरं असल्याचं उघडकीला आलं. वास आणि आवाजाने शेजारी हैराण झाले होते, आणि महापालिकेला ती हलवण्याची नोटीस द्यावी लागली. वरचं गणित तिथे लावलं तर तीनशे एक ट्रे लागले असते.

शेवटी एक गोष्ट, जी प्रत्येक मांजरवाल्या घराने लक्षात ठेवायला हवी. इतकी वर्षं ट्रे वापरणारं मांजर एकाएकी गादीवर, मोरीत किंवा बादलीशेजारी जाऊ लागलं तर तो सूड किंवा माज समजून त्याला मारू नका. मूत्राशयाची जळजळ, खडे, म्हातारपणी दुखणारे सांधे, घरात आलेलं नवं बाळ किंवा नवं मांजर, यांतलं काहीतरी बहुधा कारण असतं. दुखणं ट्रेमध्ये होतं म्हणून मांजर ट्रेला दोष देतं. आणि बोका वारंवार ट्रेमध्ये जाऊन कुंथत असेल, ओरडत असेल, एक थेंबही पडत नसेल, तर त्याची मूत्रनलिका तुंबली आहे असं समजा. बद्धकोष्ठ असेल म्हणून तेल पाजत बसू नका. एक-दोन दिवसांत रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय थांबतं. रात्रीचे दोन वाजले असले तरी चालू असलेला दवाखाना शोधा आणि त्याला तिथे घेऊन जा.